अंगोलाचे यादवी युद्ध: परकी सैन्ये परतली, तरी लढाई का थांबली नाही?

धागाकर्ता: वाटसरू_कऱ्हाड

अंगोलाचे यादवी युद्ध नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज सत्ता संपली त्याच आठवड्यात, पेटले आणि एप्रिल २००२ मध्ये विझले. या सव्वीस-सत्तावीस वर्षांत सुमारे पाच लाख माणसे मेली आणि चाळीस लाखांच्या आसपास माणसे बेघर झाली, असे सामान्यतः मानले जाते. या युद्धाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात त्याची बोळवण ‘शीतयुद्धातले प्यादे’ एवढ्यावर केली जाते. सत्तेसाठी भांडणाऱ्या तीन संघटनांपैकी लुआंडात सरकार चालवणाऱ्या एमपीएलएच्या मागे क्यूबा आणि सोव्हिएत संघ, युनिटाच्या मागे दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका, एफएनएलएच्या मागे शेजारच्या झैरेचे (आताच्या काँगोचे) सत्ताधीश मोबुतू आणि काही काळ चीन, अशी मांडणी असते. ती चुकीची नाही.

परंतु या मांडणीनुसार परके गेले की युद्ध संपायला हवे होते. डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्क येथे करार झाला, दक्षिण आफ्रिकेचे सैन्य परतले, मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला आणि मे १९९१ मध्ये शेवटचा क्यूबन सैनिक परतला. त्याच महिन्याच्या अखेरीस पोर्तुगालमधल्या बिसेस येथे सरकार आणि युनिटा यांच्या शांतता करारावर सह्या झाल्या. त्यानंतर दीड वर्षाच्या आत जे सुरू झाले, ते आधीच्या सोळा वर्षांपेक्षा भीषण होते. १९९३ च्या मध्यास युद्ध, उपासमार आणि रोगराईने दररोज हजारापर्यंत माणसे मरत असल्याचे संयुक्त राष्ट्रसंघ सांगत होता.

माझा प्रश्न असा आहे की हे युद्ध मुळात कोणाचे होते आणि परकीय हस्तक्षेपाचा कोणता प्रकार सर्वांत घातक ठरला? सैन्य, शस्त्रे, पैसा, की आणखी काही? जाणकारांनी लिहावे.

---

शर्वरी_पु

चांगला विषय आहे. मी आरंभापासून सुरुवात करते, कारण तीन संघटना काही मॉस्को किंवा वॉशिंग्टनमध्ये जन्मलेल्या नव्हत्या. आगोस्तिन्यो नेतो यांच्या एमपीएलएचा आधार लुआंडा शहर, त्याच्या मागचा म्बुंडू प्रदेश आणि पोर्तुगीज शिकलेला मिश्रवंशीय वर्ग हा होता. होल्डन रॉबर्टो यांची एफएनएलए उत्तरेकडच्या बाकोंगो लोकांची होती आणि त्यांचे अर्धे सोयरे सीमेपलीकडे होते. जोनास साव्हिंबी यांची युनिटा मध्य पठारावरच्या ओव्हिंबुंडूंची होती, आणि देशात सर्वांत मोठा समाज तोच आहे.

या समाजांमधली कटुता वसाहतीच्या व्यवस्थेतून आलेली होती. पठारावरच्या ओव्हिंबुंडू मजुरांना कंत्राटी पद्धतीने, म्हणजे जवळजवळ वेठीने, उत्तरेच्या कॉफीच्या मळ्यांवर नेले जाई. मार्च १९६१ मध्ये उत्तरेत उठाव झाला, तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांबरोबर हे परगावचे मजूरही कापले गेले. पुढे लुआंडातले शिकलेले लोक पठारावरच्यांना गावंढळ समजत आणि साव्हिंबी आपल्या सभांमधून त्याच अपमानावर बोट ठेवीत. तेव्हा भांडण घरचेच होते. परक्यांनी फक्त भांडणाऱ्यांच्या हाती तोफा दिल्या. ‘फक्त’ हा शब्द अर्थातच फार मोठा आहे.

---

तिरकस

साव्हिंबी यांच्या विचारसरणीचा अभ्यास करणाऱ्याने त्यांचा पासपोर्ट पाहावा. साठच्या दशकात ते चीनमध्ये प्रशिक्षण घेऊन आले तेव्हा माओवादी होते, सत्तरच्या सुरुवातीस त्यांनी पोर्तुगीज लष्कराशीच गुप्त समझोता करून एमपीएलएविरुद्ध मदत केली, १९७५ मध्ये ते वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचे मित्र झाले आणि जानेवारी १९८६ मध्ये रेगन यांनी व्हाइट हाउसमध्ये त्यांचे स्वागत केले तेव्हा ते लोकशाहीचे सैनिक होते. समोर कोण बसले आहे हे पाहून त्या गृहस्थांची निष्ठा ठरत असे, आणि समोरच्यांनाही त्याची पूर्ण कल्पना होती.

---

मुक्तछंद

धागाकर्त्यांनी क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका यांना एकाच ओळीत बसवले आहे, त्यावर माझा आक्षेप आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या चिलखती गाड्या नामिबियातून आत घुसल्या आणि किनाऱ्याने भराभर उत्तरेकडे निघाल्या. स्वातंत्र्याचा दिवस ११ नोव्हेंबर ठरलेला होता आणि त्याआधी लुआंडा पाडायचे होते. क्यूबाचे काही शे प्रशिक्षक तिथे आधीपासून होते हे खरे, परंतु लढाऊ सैन्य पाठवण्याचा निर्णय हवानाने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, या स्वारीनंतर घेतला. तो मॉस्कोच्या आज्ञेवरून घेतला नव्हता, हे आता उघड झालेल्या कागदपत्रांवरून बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मॉस्कोला त्या वेळी अमेरिकेशी जुळवून घ्यायचे होते आणि या धाडसाने तिथे कपाळाला आठ्याच पडल्या.

१० नोव्हेंबरला लुआंडाच्या उत्तरेस किफांगोंडो येथे रॉबर्टो यांचे सैन्य आणि त्यांच्या मदतीला आलेल्या झैरेच्या पलटणी रॉकेटांच्या माऱ्यात मोडल्या. दुसऱ्याच दिवशी एमपीएलएच्या सरकारला सर्वप्रथम मान्यता दिली ती ब्राझीलने, आणि तिथे तेव्हा कडवी कम्युनिस्टविरोधी लष्करी राजवट होती. इतके सगळे ‘दोन गटांचे प्यादे’ या चौकटीत बसत नाही.

---

कोयनाकाठ

मुक्तछंद, आपण घड्याळ ऑक्टोबरपासून सुरू केलेत म्हणून क्यूबा उत्तर देणारा ठरतो. ते जानेवारी १९७५ पासून सुरू करून पाहा. पोर्तुगालमधल्या आल्व्होर येथे तिन्ही संघटनांनी पोर्तुगालसमोर संयुक्त सरकारचा करार केला आणि त्याच महिन्यात अमेरिकेने एफएनएलएला तीन लाख डॉलर गुपचूप मंजूर केले. रक्कम क्षुल्लक आहे, पण रॉबर्टो यांना त्यातून जो संदेश मिळायचा तो मिळाला. आणखी मागे गेलात तर १९७४ मध्ये चिनी प्रशिक्षक झैरेत त्यांची माणसे तयार करीत होते आणि त्या वर्षअखेरीस सोव्हिएत शस्त्रे पुन्हा एमपीएलएकडे वळू लागली होती. आधी कोण आले हा वाद कधीच संपणार नाही.

महत्त्वाचे हे, की आल्व्होरचा करार पाळण्याची गरज तिघांपैकी एकालाही वाटली नाही, कारण आपला पाठीराखा शेवटी आपल्याला जिंकून देईल असे प्रत्येकाला वाटत होते. परकीय मदतीचा पहिला आणि सर्वांत विषारी परिणाम मला तोच वाटतो. तडजोड करणारा मूर्ख ठरू लागला.

पोर्तुगालचे वर्तनही विसरू नये. लिस्बनमध्ये एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर सैन्याला केवळ घरी जायचे होते. तीन लाखांच्या आसपास गोरे वसाहतवाले घाईघाईने पळाले, जाताना कित्येकांनी यंत्रे आणि वाहने मोडून टाकली. शेवटच्या पोर्तुगीज उच्चायुक्तांनी सत्ता कोणत्याही सरकारच्या नव्हे, तर ‘अंगोलाच्या जनतेच्या’ हाती सोपवल्याचे जाहीर केले आणि ते जहाजावर चढले.

---

मांडवीतीर

पोर्तुगीज साम्राज्याचा विषय निघाला म्हणून गोव्याकडून थोडे लिहितो. १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींमधल्या राष्ट्रवादी संघटनांची एक परिषद स्थापन झाली. अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्याबरोबर तिच्यात गोव्याच्या संघटनाही होत्या. गोव्याची सुटका त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाली. आफ्रिकेतल्या वसाहतींना आणखी तेरा-चौदा वर्षे लागली. आमच्याकडची कितीतरी कुटुंबे त्या काळात लुआंडा आणि लोरेन्सो मार्किश (आताचे मापुतो) येथे कारकून, डॉक्टर, शिक्षक म्हणून गेलेली होती.

अशाच एका गोमंतकीय कुटुंबात सिता व्हालेश यांचा जन्म १९५१ मध्ये अंगोलातल्या काबिंडा येथे झाला. लिस्बनला वैद्यकीय शिक्षण घेताना त्या कम्युनिस्ट विद्यार्थी चळवळीत आल्या, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी सगळे सोडून अंगोलाला परतल्या व एमपीएलएत काम करू लागल्या. २७ मे १९७७ रोजी पक्षातल्याच नितो आल्व्हेश यांच्या गटाने नेतो यांच्याविरुद्ध बंड केले. तुरुंग फोडला, नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले. काही तासांत ते केंद्र क्यूबन सैनिकांच्या मदतीने परत घेतले गेले. त्यानंतर पक्षात जी झडती सुरू झाली तिच्यात हजारो माणसे मारली गेली. सिता, त्यांचे पती जोझे व्हान-दुनें आणि त्यांचे भाऊ या तिघांनाही ठार केले गेले. सिता पंचवीस-सव्वीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांचे मूल तान्हे होते.

मुक्तछंद यांनी क्यूबाच्या बाजूने जे लिहिले आहे ते १९७५ पुरते मला मान्य आहे. परंतु पाहुणे सैन्य एकदा घरात राहू लागले की ते फक्त वेशीवर लढत नाही, घरातल्या भांडणातही बाजू घेते. त्या दिवशी क्यूबाने ज्या बाजूला तोल टाकला, त्या बाजूचे राज्य नंतर टिकले. मे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लोरेन्सो यांनी या हत्यांबद्दल राज्यसंस्थेच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. त्याला चव्वेचाळीस वर्षे लागली.

---

शर्वरी_पु

मांडवीतीर, धन्यवाद. युनिटाच्या क्रौर्याविषयी पाश्चात्त्य आणि डाव्या दोन्ही गोटांत बरेच लिहिले गेले, पण २७ मेविषयी दोघांनीही सोयीने मौन पाळले.

---

समुद्रपक्षी

मी अंगोलाच्या समुद्रातल्या तेलफलाटांवर युद्धानंतरच्या काळात काम केले आहे. तिथले जुने कामगार काबिंडाचा एक किस्सा नेहमी सांगत आणि तो इतिहासाशी जुळतो. ऐंशीच्या दशकात काबिंडाचे तेल एक अमेरिकी कंपनी काढीत होती, आधी गल्फ आणि नंतर तिला विकत घेणारी शेव्हरॉन. त्या तेलाच्या उत्पन्नातून मार्क्सवादी सरकार सोव्हिएत शस्त्रांचे पैसे भागवीत होते. या अमेरिकी तळाचे रक्षण क्यूबन सैनिक करीत असत. मे १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो मालोंगोच्या तेलसाठ्यांवर घातपात करायला आले तेव्हा सरकारी सैन्याच्या गस्तीने त्यांना गाठले; दोघे मारले गेले आणि त्यांचा कॅप्टन पकडला गेला. ज्या अमेरिकी मालमत्तेवर हे कमांडो आले होते, तिच्याच सरकारने दोन महिन्यांत युनिटाला मदत करण्यावरची कायदेशीर बंदी उठवली.

---

तिरकस

म्हणजे अमेरिकी पेट्रोल भरणारा ग्राहक एका खिशातून क्यूबाचा खर्च चालवीत होता आणि दुसऱ्या खिशातून, कर भरून, क्यूबावर डागायची क्षेपणास्त्रे पुरवीत होता. इतका निःपक्षपाती हस्तक्षेप दुसऱ्या कोणत्या देशाला जमला असेल असे वाटत नाही.

---

धनुर्धर७

कुइतो कुआनावालेविषयी अद्याप कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. १९८७ मध्ये सोव्हिएत सल्लागारांच्या आखणीनुसार सरकारी ब्रिगेडी युनिटाचे आग्नेयेकडचे ठाणे, म्हणजे जांबा, घ्यायला निघाल्या आणि लोंबा नदीवर दक्षिण आफ्रिकेच्या तोफखान्याने त्यांची वाताहत केली. ३ ऑक्टोबरला एक अख्खी ब्रिगेड संपली. ही दक्षिण आफ्रिकेची निर्विवाद फत्ते होती. मात्र पळणाऱ्यांचा पाठलाग करीत ती कुइतोपर्यंत आली आणि तिथे मार्च १९८८ पर्यंत अडकली. क्यूबन कुमक, सुरुंगांची शेते आणि मिग विमाने यांच्यापुढे तुंपोच्या पट्ट्यात तिचे हल्ले फसले. यात कोण जिंकले यावर दोन्ही देशांत आजही भांडणे होतात. माझ्या मते निकाल कुइतोत लागलाच नाही. कास्त्रो यांनी त्याच वेळी हजारो सैनिक नैर्ऋत्येकडून थेट नामिबियाच्या सीमेपर्यंत नेले, आणि गोऱ्या तरुणांच्या शवपेट्या आणखी किती आणायच्या हा प्रश्न प्रिटोरियाला पडला. त्यातून न्यूयॉर्कचा करार निघाला.

---

वाटसरू_कऱ्हाड (धागाकर्ता)

धनुर्धर, लढाईचे वर्णन उत्तम आहे. त्या करारातली एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. सह्या करणारे तीन पक्ष होते: अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका. युनिटा त्या टेबलावर नव्हतीच. परक्यांनी परक्यांचा प्रश्न सोडवला, नामिबियाचे भले झाले, आणि अंगोलाचा प्रश्न अंगोलाकडेच उरला. म्हणूनच मी पुन्हा विचारतो, की १९९२ नंतर नेमके काय झाले?

---

रानवाटा

मी भारतीय लष्करातून निवृत्त झालो आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तिसऱ्या अंगोला मोहिमेत, म्हणजे १९९५ ते १९९७ या काळातल्या मोहिमेत, जी भारतीय तुकडी गेली होती तिच्यात मी होतो. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी एका शब्दात देईन: संख्या.

बिसेस करारानंतर दोन्ही सैन्ये विसर्जित करून एक राष्ट्रीय सैन्य उभारायचे आणि मग निवडणूक घ्यायची असे ठरले होते. हे काम पाहण्यासाठी राष्ट्रसंघाने साडेतीनशे लष्करी निरीक्षक आणि शे-सव्वाशे पोलीस निरीक्षक दिले. देश महाराष्ट्राच्या चौपट आहे आणि तेव्हाच लोकसंख्या एक कोटीच्या घरात होती. शेजारच्या नामिबियात लोकसंख्या पंधरा लाखही नव्हती आणि तिथे राष्ट्रसंघाने सर्व मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे उतरवली होती. मोहिमेच्या प्रमुख मार्गारेट अ‍ॅन्स्टी यांनी ठरावाच्या ७४७ या क्रमांकावरच कोटी केली होती, की मला जंबो विमान उडवायला दिले आहे आणि इंधन मात्र डकोटाचे. २९ आणि ३० सप्टेंबर १९९२ ला मतदान झाले तेव्हा दोन्ही सैन्ये जशीच्या तशी होती. सरकारचे राष्ट्राध्यक्ष दोस सांतोस यांना ४९.५७ टक्के आणि साव्हिंबी यांना ४०.०७ टक्के मते पडली, दुसरी फेरी घ्यावी लागणार होती, आणि साव्हिंबी यांनी निकालच नाकारला. ऑक्टोबरच्या अखेरीस लुआंडात युनिटाच्या माणसांना शोधून मारण्यात आले. त्यांचे उपाध्यक्ष चितुंडाही त्यात गेले. मग पठारावरच्या हुआंबो शहराची पंचावन्न दिवसांची लढाई, बीए प्रांतातल्या कुइतोचा (कुइतो कुआनावाले नव्हे) वेढा, सगळे ओळीने आले.

आम्ही गेलो ते नोव्हेंबर १९९४ च्या लुसाका करारानंतर. या वेळी सात हजार सैन्य मंजूर झाले होते, परंतु दोन वर्षांपूर्वी जे सात हजारांत जमले असते ते आता जमण्यासारखे नव्हते. युनिटाच्या सैनिकांनी ठरवलेल्या छावण्यांत येऊन शस्त्रे जमा करायची होती. आले कोण, तर म्हातारे आणि मिसरूडही न फुटलेली पोरे, हातात गंजक्या बंदुका, काहींचे खटके तुटलेले. पोरांना बंदूक कशी धरायची हेही धड माहीत नव्हते, आणि त्यांचे खरे सैनिक कुठे आहेत हे विचारले की सगळे एकसाथ जमिनीकडे पाहत. आम्हाला ते दिसत होते, आम्ही ते कळवीतही होतो, आणि राजधानीत टक्केवारीचे तक्ते पुढे सरकत होते. सरकारी बाजूही काही बसून नव्हती. तिचे पोलीस दल सैन्यासारखे शस्त्रसज्ज होत चालले होते.

रस्त्यांविषयी लिहायचे तर, रस्ता होता पण रस्त्यावरून जाता येत नव्हते. पूल उडवलेले, कडेला सुरुंग, आणि ते कोणी, केव्हा पेरले याचा नकाशा कोणाकडेच नाही. आमच्या अभियंत्यांना एकेक मैल मोकळा करायला किती वेळ लागे हे शब्दांत सांगणे अवघड आहे. बायका मात्र त्याच शेतांत कसावा काढायला जात, कारण घरी चूल थांबत नसते. जानेवारी १९९७ मध्ये ब्रिटनच्या राजकन्या डायना हुआंबोत सुरुंगाच्या पट्ट्यातून चालल्या आणि जगाला तो प्रश्न दिसला. त्याच वर्षी सुरुंगबंदीचा करार झाला.

---

शर्वरी_पु

रानवाटा काका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या तोलाचा आहे. एक विचारते. बाहेरची मदत बंद झालेली असताना युनिटा दुसऱ्या फळीचे सैन्य लपवून ठेवण्याइतकी श्रीमंत कशी राहिली, हे तुम्हाला तिथे कळत होते का?

---

रानवाटा

हिरे. रात्री दिवे मालवून उतरणाऱ्या विमानांचे आवाज ज्यांना ऐकू येत, त्या सर्वांना ते माहीत होते.

---

पैलूकार

इथून पुढे मी लिहितो, कारण माझी उमेदीची वर्षे मुंबईच्या ऑपेरा हाउसजवळच्या पंचरत्न इमारतीत हिऱ्यांची वर्गवारी करण्यात गेली. लुंडा प्रांतातल्या क्वांगो नदीच्या खोऱ्यात हिरे गाळात सापडतात. त्यासाठी खोल खाण, मोठी यंत्रे, परदेशी अभियंते काहीच लागत नाही. फावडे, चाळण आणि बंदुकीच्या धाकात ठेवलेले हजारो मजूर पुरतात. १९९२ च्या अखेरीस युनिटाने हा पट्टा घेतला. १९९२ ते १९९८ या काळात तिने सुमारे ३.७ अब्ज डॉलरचे हिरे विकले, असा ग्लोबल विटनेस या संस्थेचा अंदाज आहे. अमेरिकेने १९८६ मध्ये युनिटाला दिलेली मदत दीड कोटी डॉलर होती, हे शेजारी ठेवून पाहा. कोणत्याही आश्रयदात्याने कधी दिले नसते इतके बाजाराने दिले.

हा माल झैरेमार्गे, पुढे टोगो आणि बुर्किना फासोमार्गे, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या हिरेबाजारात जाई. राष्ट्रसंघाने हिऱ्यांवर बंदी घातली ती जून १९९८ मध्ये. मार्च २००० च्या अहवालात कॅनडाचे राजदूत फाउलर यांच्या समितीने त्या दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांची नावे घेतली. राष्ट्रसंघाच्या कागदावर असे सहसा होत नाही.

आमच्या बाजारात तेव्हा काय चालत होते, हेही सांगायला हवे. भारतात पैलू पडतात ते मुख्यतः बारीक खडे आणि अंगोलाचा माल ठळक, महाग. त्यामुळे त्याचा मोठा भाग आमच्यापर्यंत येत नसे. पण जो कच्चा माल टेबलावर येई, तो कुठल्या नदीतला आहे हे कोणी विचारत नसे. पुडी उघडायची, रंग पाहायचा, शुद्धता पाहायची, भाव बोलायचा. खड्यावर गाव लिहिलेले नसते, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राशिवाय कच्चा हिरा सीमा ओलांडू शकत नाही. तोवर अंगोलाचे युद्ध संपून नऊ महिने झाले होते. आणि त्या व्यवस्थेत ‘संघर्षाचा हिरा’ म्हणजे केवळ बंडखोरांचा हिरा. सरकारी सैन्याने मजुरांना गोळ्या घातल्या तर तो हिरा स्वच्छच समजला जातो.

---

मुक्तछंद

पैलूकार यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. बाजार फक्त युनिटाला मिळाला असे नाही. सरकारकडे तेल होते आणि तेलाचे अजून न काढलेले पिंपही गहाण टाकता येत होते. त्या कर्जातून पूर्व युरोपातली शस्त्रे फ्रान्समधल्या दलालांमार्फत आली; त्यातून उभा राहिलेला ‘आंगोलागेट’ खटला पॅरिसमध्ये कित्येक वर्षे गाजला. १९९३ मध्ये सरकारने एक्झिक्युटिव्ह आउटकम्स नावाची दक्षिण आफ्रिकी कंपनी भाड्याने घेतली. तिच्यातले बरेच जण दक्षिण आफ्रिकेच्या त्याच ३२ व्या बटालियनमधले होते, जी दहा वर्षे युनिटाच्या बाजूने याच सरकारशी लढली होती. तेच जंगल आणि तेच सैनिक. पगार देणारा फक्त बदलला.

---

कोयनाकाठ

पैसा, हिरे, तेल हे सगळे मान्य. पण एका माणसाच्या हट्टाचा वाटा आपण कमी धरतो आहोत. २२ फेब्रुवारी २००२ रोजी मोशिको प्रांतात साव्हिंबी मारले गेले आणि ४ एप्रिलला, सहा आठवडेही पुरे व्हायच्या आत, लुएना येथे ठरलेल्या शस्त्रसंधीवर लुआंडात सह्या झाल्या. हिरे २१ फेब्रुवारीला होते तितकेच २३ फेब्रुवारीलाही नदीत होते. तेव्हा कारण कोणते मानायचे?

---

शर्वरी_पु

कोयनाकाठ, २००२ मधले साव्हिंबी हे १९९३ मधले साव्हिंबी नव्हते. मे १९९७ मध्ये मोबुतू पडले, आणि त्यांना पाडायला लुआंडाने स्वतःचे सैन्य पाठवले होते. म्हणजे इथे अंगोलाच परकीय हस्तक्षेप करणारा झाला. युनिटाचा मागचा दरवाजा तिथे बंद झाला. १९९९ च्या अखेरीस बाइलुंडो आणि आंदुलो ही तिची ठाणी गेली. त्यानंतर सरकारने खेडीच्या खेडी उठवून माणसे शहरांभोवती आणून टाकली, म्हणजे जंगलातल्या बंडखोराला धान्य देणारे कोणी उरू नये. लोक उपासमारीने किती खंगले होते हे शस्त्रसंधीनंतर मदत संस्था आत पोहोचल्या तेव्हा दिसले. साव्हिंबी मेले ते हातात जवळजवळ काही न उरलेल्या सैन्याचे सेनापती म्हणून. त्यांचा मृत्यू हा युद्धाचा शेवट आहे, पण कारण त्याआधीच्या पाच वर्षांत आहे आणि ते फारसे अभिमानास्पद नाही.

---

समुद्रपक्षी

लुआंडातल्या माझ्या सहकाऱ्यांपैकी पठारावरचे लोक साव्हिंबींविषयी परक्यासमोर बोलत नसत. २०१९ मध्ये त्यांचे अवशेष बीए प्रांतातल्या त्यांच्या गावी सन्मानाने पुरले गेले आणि २०२२ च्या निवडणुकीत युनिटाला ४४ टक्क्यांच्या आसपास मते पडली. राजधानी लुआंडात तर ती पहिली आली. ज्या शहराने १९९२ मध्ये तिची माणसे वेचून मारली, त्याच शहरातली तरुण मुले आज तिला मत देतात, आणि त्यातल्या बहुतेकांना युद्ध आठवतही नाही. त्यांचा राग बेकारीवर आणि तेलाचा पैसा गिळणाऱ्यांवर आहे.

---

वाटसरू_कऱ्हाड (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद वाचल्यावर मला मोझांबिकशी तुलना करावीशी वाटते. साम्राज्य तेच, स्वातंत्र्याचे वर्ष तेच, मार्क्सवादी सरकार तसेच, आणि रेनामो ही बंडखोर संघटना तर आधी ऱ्होडेशियाने आणि मग दक्षिण आफ्रिकेने पोसलेली, क्रौर्यात युनिटाहून कमी नव्हे. तिथे शांतता करारावर रोममध्ये सह्या झाल्या त्या ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे अंगोलातल्या मतदानानंतर चौथ्या दिवशी. तो करार वीसेक वर्षे टिकला. रेनामोकडे हिरे नव्हते. पाठीराखा गेल्यावर तिला पगार द्यायला, कार्यालय थाटायला, नेत्याला सूट शिवायलासुद्धा परक्या देशांनी जमवलेला निधी लागला, आणि तो निधी शांततेच्या अटीवर मिळत होता.

तेव्हा माझे मत असे बनले आहे, की परके राज्यकर्ते कितीही स्वार्थी असोत, त्यांच्याशी बोलता येते, त्यांना दमवता येते, त्यांचे हित दुसरीकडे वळवता येते. १९८८ मध्ये तेच घडले. अँटवर्पमधल्या खरेदीदाराशी कोण वाटाघाट करणार? अंगोलाच्या दुसऱ्या युद्धात परकीय हस्तक्षेप कमी झाला नव्हता. तो केवळ निनावी झाला होता.

---

पैलूकार

निनावी म्हणू नका. नावे होती, पत्ते होते, पावत्याही होत्या. कोणी मागितल्या नाहीत.

---

रानवाटा

वाटसरू, तुलना योग्य आहे, पण तुम्ही तिचा अर्धाच भाग घेतला आहे. मोझांबिकमध्ये राष्ट्रसंघाने साडेसहा हजारांच्या आसपास सैन्य उतरवले आणि तेही करारानंतर लगेचच्या वर्षात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे मतदानाची तारीख एक वर्ष पुढे ढकलली. आधी दोन्ही बाजूंची शस्त्रे मोजून घेतली, सैनिकांना घरी पाठवले, आणि मग ऑक्टोबर १९९४ मध्ये मतपेट्या ठेवल्या. हे मुख्यतः अंगोलात हात पोळल्यामुळे सुचले. बिसेसमध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि पोर्तुगाल या तिन्ही निरीक्षक देशांना १९९२ च्या शरदातली निवडणूक कोणत्याही परिस्थितीत हवी होती, कारण त्यांना हा विषय एकदाचा संपवायचा होता. हिरे होते म्हणून साव्हिंबी पुन्हा लढू शकले, हे मी नाकारत नाही. परंतु ते ज्या दिवशी निकाल फेटाळून हुआंबोला निघून गेले, त्या दिवशी क्वांगोचे खोरे अजून त्यांच्या हाती आलेले नव्हते, आणि त्यांचे सैन्य मात्र पूर्ण शाबूत होते.